पाणी न पिणारं कापड

शुक्रवारी सकाळी अख्खं घर अंगणात जमलेलं असताना हरिदासने आजाच्या कापडावर तांब्याभर पाणी ओतलं, आणि कापडाने ते गटागटा पिऊन टाकलं.

जराही लाज राखली नाही. चार खुंट्यांना ताणून बांधलेलं बारा हात पांढरंशुभ्र कापड, त्याच्याखाली सुपात कोरडा कापूस. पाणी पडलं, डाग पसरला, खालून टिपटिप सुरू झाली आणि सुपातल्या कापसाचा गोळा झाला. हरिदासने दुसरीकडे ओतून पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे तेच. चार महिने नागपुरात हातभर चिंध्यांवर जे पाणी मोत्यासारखं घरंगळलं होतं, ते हिंगणघाटात येऊन असं उलटलं.

"पेलं न बे?" प्रेमदास म्हणाला. तो हरिदासचा मोठा काका, गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम. रात्रपाळी करून आला होता आणि डोळे लाल होते. "हे वणा नदीचं पाणी हाय, तुह्या कॉलेजातलं नाई. याले बीएस्सी समजत नाई."

"मोठे बाबा, काहीतरी चुकलं आहे. मला शोधू द्या."

"शोध न. रविवारपर्यंत शोध. मुरुमाची गाडी मी सांगून ठेवली हाय."

मुरुमाचं नाव निघालं तशी सगळ्यांची नजर ओसरीकडे गेली. तिथे हरिदासचा आजा डोमाजी थूल बसला होता, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या मागे घराचा मधला खण, आणि त्या खणात मागाचा खड्डा. बावन्न वर्षं रोज सकाळी तो त्या खड्ड्यात पाय सोडून बसला. मोठा मुलगा गिरणीत लागला, धाकटा लहानू, हरिदासचा बाप, तापाने गेला, बाजारात गिरणीचं कापड आलं, गल्लीतले सगळे माग चुलीत गेले, तरी म्हातारा खड्ड्यातून उठला नाही. आता प्रेमदासच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नव्या सुनेसाठी तो खण हवा होता. हवा म्हणजे हवाच होता. थुलांच्या घरात खण तीन आणि माणसं नऊ.

भांडण दिवाळीपासून चाललं होतं. शेवटी डोमाजीनेच तोडलं. हरिदासने जिनवाल्या मोतीलाल शेठला एक रुमाल दाखवला होता, पाणी न पिणारा. मागच्या वर्षी अवकाळी पावसात शेठच्या आवारातल्या कापसाच्या शंभरावर गाड्या भिजल्या होत्या, आणि डांबरी ताडपत्री टाकली तर कापसाला काळे डाग पडून भाव उतरतो. पांढरं, डाग न पाडणारं झाकण त्याला पाहिजेच होतं. पण रुमाल बघून तो हसला आणि म्हणाला, बारा हाताचं दाखव, महिनाभरानंतरच्या रविवारी मी स्वतः येतो. त्यावर डोमाजी सगळ्यांसमोर बोलला होता, "रविवारी शेठ नाई म्हणाला, त पहिली पाटी मुरूम मीच टाकतो खड्ड्यात. आन् हो म्हणाला, त माग हलणार नाई. मंग कोणी माह्याशी बोलाचं नाई."

आणि बोलला की बोलला. थुलांचा म्हातारा शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता; ती खोड त्याच्या बायकोलाच जास्त ठाऊक.

"अर्धं कापड हाय अजून," डोमाजी ओसरीवरून म्हणाला. "चोवीस हात इनलं होतं. बारा वाया गेलं, बारा हाय."

"आणि औषधही तेवढंच उरलंय," हरिदास म्हणाला. "डबा अर्धा आहे. आबा, पण चूक सापडल्याशिवाय तेही बुडवलं तर..."

"मंग सापडव."

एवढं बोलून डोमाजी उठला आणि आत जाऊन खड्ड्याच्या काठावर बसला. मागावर उभ्या सुतांचा ताणा नव्हता, आडवं सूत नेणारा धोटा कोनाड्यात होता, तरी बसला.

*

माणसं पांगली तरी डोमाजीची बायको जिजाबाई त्या कापडापाशीच उभी राहिली.

हे कापड विणायला म्हाताऱ्याला एकोणीस दिवस लागले होते. पण कापडाला हात लावला की लोकांना आठवायची ती जिजाबाईची कांजी. तांदळाच्या कण्यांची, तीनदा गाळलेली, कुंच्याने ताण्यावर अशी चढवलेली की एक सूत दुसऱ्याला चिकटायचं नाही आणि तुटायचंही नाही. आणि विणून झाल्यावर वरून पुन्हा एक पातळ हात. कापड उलगडलं की कडकड वाजायचं. हिंगणघाटच्या बाजारात एके काळी बायका विचारायच्या, जिजाबाईच्या कांजीचं हाय का? नवऱ्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. म्हाताऱ्याला त्याचा राग यायचा आणि तिला त्याचंच बरं वाटायचं.

आणि त्याच बाजारातलं दुसरंही काही तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. मोतीलालच्या बापाच्या दुकानासमोर डोमाजीने कापड खाली मातीवर ठेवायचं आणि चार पावलं मागे सरायचं. मग भैयाजी दिवाणजी लोटा घेऊन यायचा, कापडावर पाणी शिंपडायचा, आणि मगच उचलायचा. महाराच्या हातचं कापड, पाण्याने शुद्ध केल्याशिवाय दुकानात कसं जाईल? दर बाजारी. पंचवीस वर्षं. जिथे जिथे तो शिंतोडा पडायचा तिथे तिची कांजी मऊ पडायची, बोटाएवढे डाग उठायचे, आणि मग तोच भैयाजी म्हणायचा, कापड डागी हाय, दोन आणे कमी. जिजाबाईला अपमानापेक्षा त्या डागांचा जास्त संताप यायचा. निदान ती तसं सांगायची.

आता दीक्षा घेऊन सव्वा वर्ष झालं होतं. घरातले देव वणेत गेले, कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली. आता कोणाला भ्यायचं नाही, असं पोरं म्हणायची. म्हणूनच तर या कापडाला तिने कांजीचा जास्तीचा हात दिला होता. तोच मोतीलाल घरी येणार. त्याच्यासमोर थुलांचं कापड कसं कडक वाजलं पाहिजे!

तिने ओल्या डागावर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. तिने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली.

"हे त कांजी सुटून राह्यली," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिला एकदम कोपरा आठवला. घरातल्या एका पोराने हळदीचा हात लावला होता, म्हणून गेल्या आठवड्यात तो एक कोपरा तिने रिठ्याच्या कढत पाण्यात खसाखसा धुतला होता. पुन्हा कांजी लावायची राहिली होती. ती लगबगीने त्या कोपऱ्याकडे गेली, तांब्यात उरलेलं पाणी त्यावर ओतलं.

पाणी थांबलं. गोल झालं. इकडून तिकडे पळालं आणि काठावरून खाली पडलं. कोपरा जसाच्या तसा कोरडा.

जिजाबाईने आधी आजूबाजूला पाहिलं. कोणाला सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. चूक औषधाची ठरली असती, नाहीतर वणेच्या पाण्याची. पन्नास वर्षं जी कांजी तिची शान होती, तीच कापडाला नडली, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेही प्रेमदासच्या बायकोसमोर!  मग तिने पदर खोचला.

"हऱ्या! ए हऱ्या! अठी ये. माह्या कांजीनं खाल्लं तुह्यं औषध."

हरिदास धावत आला. कोपरा पाहिला, डाग पाहिला, आणि कपाळावर हात मारून खालीच बसला.

"आजी, मी गाढव आहे. नागपुरात गिरणीचं धुतलेलं कापड होतं. त्यात खळ नव्हतीच. मी या घरात वाढलो, तुझ्या हातची कांजी रोज ढवळली, आणि मलाच आठवलं नाही!"

"औषध काय करते ते तरी सांग नीट. इंग्रजीत नको."

"रेतीपासून काढतात, मुंबईहून येतं. त्याच्या बारीक बारीक साखळ्या असतात, कडीत कडी अडकवलेल्या. इस्तरीचा ताव लागला की त्या साखळ्या एकेका सुताला गुंडाळून बसतात. मग सूत पाणी घेत नाही. वारा जातो, पाणी जात नाही. पण साखळी सुताला धरायला पाहिजे, आणि मधे तुझी कांजी बसलेली. साखळ्या कांजीला धरून बसल्या. पाणी आलं, कांजी निघाली, साखळ्या तिच्यासंगं गेल्या."

"म्हणजे कांजी मुळातून काढाची."

"मुळातून. ताण्यातलीसुद्धा. कोपरा खसाखसा घासून निघाला, पण बारा हात तसे घासता येणार नाहीत, आणि नुसत्या भिजवण्याने तुझी कांजी जात नाही. गिरणीत त्याला एक वेगळं औषध टाकतात, खळ खाणारं. ते माझ्याकडे नाही. नागपूरला जाऊन येईतो रविवार उलटून जाईल."

जिजाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी नाक पुसता न येणाऱ्या पोराकडे पाहायची.

"खळ खाणारं औषध? अरे, लेकराच्या अंबिलीत मोडाच्या ज्वारीचं पीठ टाकलं का घट्ट अंबील घडीभरात पाण्यावानी पातळ होते. ते काय करते मंग? खळच त खाते न ते!"

हरिदास उठून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आजी, तेच आहे. अगदी तेच. गिरणीवाले तेच डब्यात भरून विकत घेतात."

"मोडाचं पीठ लागन ढीगभर. मोड आणाले तीन दिवस. कोणापाशी हाय आत्ता?"

दोघांनीही एकदम चुलीकडे पाहिलं. तिथे प्रमिलाबाई, प्रेमदासची बायको, ज्वारीची भाकर थापत होती. लेकीच्या तान्ह्या पोरासाठी तिने पायलीभर ज्वारी मोड आणून, वाळवून, दळून डब्यात भरून ठेवली होती. तिच्याच मुलाच्या लग्नासाठी तो खण हवा होता. तिने सगळं ऐकलं होतं. एकाच अंगणात कोण काय बोलतं ते लपत नाही.

प्रमिलाबाईने भाकर उलटली. हात धुतले. आत गेली आणि पिठाचा डबा आणून सासूच्या पुढ्यात आदळला.

"घ्या मामी. लेकराले मी दुसरं करीन. पण त्याईले सांगजा नका का मी देलं म्हणून."

"तुले खोली नाई पाह्यजे?"

"पाह्यजे न. काऊन नाई पाह्यजे?" प्रमिलाबाई फणकाऱ्याने म्हणाली. "पण मामंजींनी मुरुमाची पाटी उचललेली मले नाई पाहवणार. खोली काय, ओसरीले कुडाची भिंत घालून बी होते."

*

प्रेमदास झोपून उठला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. अंगणात मोठ्या हंड्यात कोमट पाण्यात बारा हात कापड भिजत होतं आणि सीताबाई, लहानूची विधवा, काठीने ते वरखाली करत होती. पाण्याला आंबूस वास येत होता. बायको त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. त्याने डबा पाहिला, पीठ ओळखलं, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

लोक म्हणायचे, प्रेमदासला बापाच्या मागाचा राग आहे. होताच. गिरणीत त्याच्या हाताखाली चोवीस माग होते, विजेवर धडधडणारे. बाप एकोणीस दिवसांत विणतो तेवढं एक माग पाळीभरात फेकतो. आणि तरी दर पगाराला तो घरी आला की म्हातारा त्याच्या धोतराची किनार चिमटीत धरून बघायचा आणि म्हणायचा, "सैल इनते तुही गिरणी." या एका वाक्याने वीस वर्षं त्याचं डोकं फिरत होतं. पण खरा राग त्या वाक्याचा नव्हता. खड्ड्याच्या ओलीने बापाचे गुडघे गेले होते. उठताना म्हातारा भिंत धरायचा आणि कोणी पाहत नाही ना ते आधी पाहायचा. प्रेमदासने ते पाहिलं होतं. खड्डा बुजला तर बाप वर येऊन उन्हात बसेल, एवढंच त्याला हवं होतं. तेवढं सरळ बोलणं थुलांच्या पुरुषांना जमत नाही.

तो हरिदासपाशी गेला. हरिदास एका भिजल्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून बघत होता. थेंब निळा झाला.

"निळा झाला म्हणजे?"

"खळ अजून आहे. सकाळी हा पिवळा राहिला पाहिजे."

"आन् मंग?"

"मग उद्या धुवायचं, औषधात बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं, आणि इस्तरी. बोटभरही जागा सुटता कामा नये. पण एका इस्तरीने बारा हात होणार नाही, मोठे बाबा. निखारे थंडे होत राहतात. काल तावही कमी पडला असेल."

प्रेमदासने हंड्यातलं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"इस्तरीले मी पाह्यतो," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"काऊन? मी का थुलांचा नोहो?" त्याने पायात वहाणा सरकवल्या. "हार मानाची त मुरूम टाकून मानू. इस्तरी कमी पडली म्हणून नाई. माह्या बापाचं एकोणीस दिवसांचं काम हाय ते."

*

शनिवारी आयोडीनचा थेंब पिवळा राहिला. जिजाबाईने तीनदा खात्री करून घेतली.

कांजी गेलेलं कापड दोरीवर लोंबत होतं तेव्हा तिने त्याच्याकडे पाठ केली. ढिलं, लुळं, आवाज नसलेलं. आपलंच माणूस उघडं पडावं तसं तिला वाटलं. पण दुपारी हरिदासने दुधासारखं पांढरं औषध परातीत ओतलं तेव्हा कापडाचं एक टोक तिनेच धरलं.

प्रेमदासने परटाच्या गल्लीतून तीन इस्तऱ्या आणल्या होत्या, पितळी, जडशीळ, बाभळीच्या निखाऱ्याने भरलेल्या. कोणाला काय सांगून आणल्या ते त्याने सांगितलं नाही. इस्तरीवर पाण्याचा थेंब टाकायचा. नाचत पळाला की ताव आला. पण कापड जळता कामा नये, म्हणून प्रत्येक वेळी आधी कागदावर फिरवायची. कागद जरासा तांबूस झाला की बस्स. एक इस्तरी प्रेमदासकडे, एक सीताबाईकडे, तिसरीत तोवर ताजे निखारे. हरिदास हाताच्या मापाने जागा मोजत पुढे सरकायचा आणि म्हणायचा, इथे पुन्हा, इथे पुन्हा.

"हा पोट्टा जॉबर झाला असता त माणसं पळून गेली असती," प्रेमदास घाम पुसत म्हणाला.

"तुमच्याकडूनच शिकला असन," सीताबाई पदराआड हसली. नवरा गेल्यापासून दिरासमोर ती पहिल्यांदा हसली असेल.

हरिदासने आईकडे पाहिलं. याच हातांनी तिने सरकी वेचून त्याच्या कॉलेजची फी भरली होती. नागपुरात त्याच्या अंगातल्या सदऱ्याला हात लावून प्राध्यापकांनी विचारलं होतं, हे कापड कुठलं? इतकं घट्ट हातमागाचं कापड त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा तो पुटपुटला होता, गावाकडून आणलं. आमचं आहे, माझ्या आजाने विणलं आहे, एवढं म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. त्या गोष्टीची त्याला आज या ओल्या कापडासमोर फार शरम वाटली. उद्या विचारलं तर मोठ्याने सांगेन, असं त्याने ठरवलं.

डोमाजी दिवसभर खड्ड्याच्या काठावर बसून होता. संध्याकाळी शेवटचा हात झाला तेव्हा त्याने नुसतं विचारलं, "पाणी टाकून पाह्यलं का?"

"नाही आबा. उद्याच. शेठसमोर."

"बरं," म्हातारा म्हणाला. "मुरुमाची गाडी कोठी हाय?"

"दाराशी," प्रेमदास म्हणाला आणि मान खाली घातली.

*

रविवारी मोतीलाल शेठ टांग्यातून उतरला तेव्हा अर्धी गल्ली अंगणाबाहेर उभी होती. तो पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, व्यवहाराला चोख आणि बोलायला मोकळा माणूस. त्याच्या मागून भैयाजी दिवाणजी उतरला. आता तो पार वाकला होता, डोक्याला मफलर, आणि हातात तोच पितळी लोटा. म्हातारा कुठेही आपलंच पाणी घेऊन जायचा.

"जयभीम," हरिदास म्हणाला.

"जयभीम, जयभीम भाई," शेठ म्हणाला. "दाखव तुझी जादू. जिनात बैलगाड्या खोळंबल्या आहेत."

डोमाजी कापडाची घडी दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला. धुतलेला सदरा, डोक्याला पांढरा रुमाल. चालताना गुडघा वाकत नव्हता, तरी भिंत धरली नाही. अंगणाच्या मधोमध येऊन त्याने कापड खुंट्यांवर पसरायला दोघा पोरांना दिलं. खाली प्रेमदासने सुपात कोरडा कापूस ठेवला, तळहाताने सारखा केला.

शेठने भैयाजीला खूण केली, "जरा पोत बघा, दिवाणजी. तुमचा हात जाणता."

भैयाजी पुढे आला. आणि कापडाला हात लावायच्या आधी, कोणाच्या लक्षात यायच्या आत, त्याचा उजवा हात लोट्यात गेला आणि त्याने कापडावर पाणी शिंपडलं.

मनात काही ठेवून नव्हे. त्याच्या हाताला ती सवयच होती. थुलांचं कापड आणि लोटा, बस्स. पण अंगणातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. शेठचा चेहरा पांढरा पडला. हरिदास ताडकन पुढे झाला, प्रेमदासच्या मुठी वळल्या. "भैयाजी, शिवाशिवीला आता कायदा..." एवढंच हरिदासच्या तोंडून निघालं, तेवढ्यात डोमाजीने नातवाचं मनगट पकडलं.

"थांब," म्हातारा म्हणाला. "आधी पाह्य."

कापडावर शिंतोड्यांचे दाणे उभे होते, गोल, चकचकीत, एकही आत शिरला नव्हता. वारा आला, कापड हललं, आणि ते सगळे दाणे उतारावरून पळत सुटले आणि थेट भैयाजीच्या पायांवर पडले. धोतराची कड भिजली. कापड कोरडं ठणठणीत.

गल्लीतून कोणीतरी शिट्टी मारली.

"भैयाजी," डोमाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पंचवीस वर्षं शिंपडलं तुम्ही. माह्यं कापड मुकाट पेत होतं. आता नाई पेत. अजून शिंपडून पाहा, लोटा भरला हाय."

भैयाजी कापडाकडे पाहत राहिला. 

"दिवाणजी, मागं व्हा," शेठ कसाबसा म्हणाला. "डोमाजी, माफ करा. माझ्या माणसानं..."

"माफीचं मंग पाहू, शेठ. आधी काम. प्रेमदास, घागर आण."

प्रेमदासने घागर ओतली. हरिदासने दुसरी, सीताबाईने तिसरी. पाणी कापडावर धावलं, काठावरून धो धो कोसळलं, अंगणात चिखल झाला. अकरा घागरी. मग शेठने स्वतः वाकून सूप ओढलं, कापसात मनगटापर्यंत हात घातला, तळापर्यंत चाचपला, मूठभर कापूस गालाला लावला.

"कोरडा," तो म्हणाला. "राम राम राम! कोरडा आहे हो!"

"दिवसभर मुसळधार पडलं आणि पाणी साचू दिलं तर झिरपेल, शेठ," हरिदासने सांगून टाकलं. "उतार द्यावा लागेल. खोटं सांगणार नाही."

"उतार मी देईन! कापड कुठलं हे?"

"आमचं," हरिदास गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या आजाने विणलं. खळ आजीने काढली. ताव काकाने आणि आईने दिला."

"आणि मोडाचं पीठ?" जिजाबाई मागून म्हणाली.

"आणि पीठ मोठ्या मायनं दिलं."

प्रेमदासने बायकोकडे पाहिलं. प्रमिलाबाईने आभाळाकडे पाहिलं.

शेठने चाळीस झाकणं सांगितली, पुढच्या हंगामाच्या आत. एका मागाचं काम नव्हतं ते. प्रेमदास तिथल्या तिथे बोटांवर मोजायला लागला, गल्लीतले कोणकोण जुने विणकर अजून हातात धोटा धरू शकतील आणि किती माग नव्याने ठोकावे लागतील. "सैल नाई इनू देणार मी," तो बापाकडे न बघता म्हणाला. मुरुमाची गाडी आता नव्या सुनेसाठी ओसरीला कूड घालून होणाऱ्या खोलीत भराव टाकायला कामी येणार होती.

"हा नमुना मी नेतो," शेठ म्हणाला. "दिवाणजी, घ्या."

खुंट्यांवरून कापड सुटलं. डोमाजीने त्याची घडी घातली आणि दोन्ही हातांवर धरली. भैयाजी पुढे आला आणि थांबला. त्याची नजर खाली मातीवर गेली. कापड खाली ठेवायचं, मग मागे सरायचं, मग उचलायचं. एवढंच त्याला ठाऊक.

डोमाजीने कापड खाली ठेवलं नाही. मागेही सरला नाही. हात पुढे करून उभा राहिला. गुडघा दुखत असणार, पण तो हलला नाही.  

भैयाजीने लोटा ओसरीच्या कडेला ठेवला. ओले हात धोतराला पुसले. आणि दोन्ही हात पुढे करून डोमाजीच्या हातांवरून कापड घेतलं. घेताना त्याची बोटं डोमाजीच्या बोटांना लागली.

टांगा गेला. लोटा ओसरीवरच राहिला. संध्याकाळी प्रमिलाबाईने तो घासून प्रेमदासबरोबर परत पाठवला.

डोमाजी आत येऊन खड्ड्यात उतरला. या वेळी प्रेमदासने त्याला काखेत धरून उतरवलं आणि म्हाताऱ्याने नको म्हटलं नाही. जिजाबाई दारात उभी होती.

"म्हातारा झाला भैयाजी," डोमाजी म्हणाला. "हात लय थंडे होते त्याचे."

जिजाबाई कोनाड्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती कोनाड्यातला धोटा पुसत होती.

"अवं," त्याने आवाज दिला, "उभी काऊन? ताणा लावाचा हाय. कांजी टाक."

"कांजी?" ती वळली. "आता काहाले पाह्यजे माही कांजी?"

"काहाले म्हंजे? कांजीबिगर सूत उभं राह्यते का कोठी? काढाची तवा काढू. पण इनाले तुहीच पाह्यजे."

जिजाबाईने पदराने तोंड पुसलं, तांदळाच्या कण्यांचं मडकं खाली काढलं आणि चुलीवर चांगलं मोठं पातेलं चढवलं. चाळीस झाकणांची कांजी होती.